तहसीलदारांची सुनावणी हायकोर्टातून थांबवावी का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

सातारा जिल्ह्यातल्या एका गावात आम्हा दोघा भावांची शेती आहे. मी नोकरीनिमित्त पिंपरी-चिंचवडला असतो, धाकटा भाऊ गावी राहून शेती बघतो. शेजारचा गट भावकीतल्या एका काकांचा. वडील होते तोवर काकांची बैलगाडी आमच्या रानातून जायची, त्याबद्दल कधी बोलणंसुद्धा झालं नाही. वडील गेल्यावर मोजणीवरून खटके उडाले. २०२२ च्या पावसाळ्याआधी भावाने चर खणला आणि वाट बंद झाली. तेव्हा काका गप्प राहिले. मध्यंतरी आम्ही त्यांच्याविरुद्ध तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात मनाईचा दावा लावला, तो चालू आहे. यंदा आम्ही तारेचं कुंपण घातलं, आणि महिन्याभरात काकांनी तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली रस्ता खुला करून मागितला. त्यांच्या अर्जातच लिहिलंय की वाट २०२२ पासून बंद आहे. मंडळ अधिकाऱ्यांनी आम्ही हजर नसताना पंचनामा केला. ‘रस्ता द्यावाच लागेल’ असं तहसीलदार कुणाला तरी म्हणाल्याचंही कानावर आलं. कायद्याचं शिक्षण घेणारा भाचा म्हणतो, ‘हायकोर्टातून प्रोहिबिशनची रिट आणा, तहसीलदारांना सुनावणीच घेता येणार नाही.’ भाऊ म्हणतो, तारखेला जायचंच नाही, गेलो तर त्यांचा अधिकार मान्य केल्यासारखं होईल. तालुक्याचे वकील म्हणतात, आधी इथे जबाब द्या. आई एवढंच म्हणते, ‘तुझ्या वडलांनी कधी कुणाची वाट अडवली नाही.’ आम्ही काय करावं?

नमस्कार,

तुमच्या भाच्याला कायदा ठाऊक आहे. खालच्या न्यायालयाला किंवा न्यायाधिकरणाला ‘हे प्रकरण पुढे चालवू नका’ असं बजावण्याचा अधिकार हायकोर्टाला खरोखर आहे. संविधानाच्या कलम २२६ मध्ये जे पाच प्राधिलेख, म्हणजे रिट, नावानिशी दिले आहेत, त्यांत प्रतिषेध (भाचा म्हणतो ती प्रोहिबिशन) हा एक. तरीही तुमच्या प्रकरणात आज तो मागायला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि तालुक्याच्या वकिलांचा सल्ला मला योग्य वाटतो. का, ते नीट सांगते. तुमच्यासारखी पत्रं वर्षभर येत असतात. कुणाचं प्रकरण प्रांताकडे असतं, कुणाचं सहकार न्यायालयात, कुणाला आयकराची नोटीस आलेली असते. प्रश्न मात्र तोच: वरून थांबवता येईल का?

आधी या अधिकाराबद्दल थोडं, कारण त्याची किंमत कळली की तो कुठे वापरायचा हेही कळतं. इंग्लंडमध्ये राजाची न्यायालयं धर्मसत्तेच्या न्यायालयांना असे आदेश काढत. जमीनजुमल्याचे, दिवाणी स्वरूपाचे तंटे चर्चच्या न्यायालयाने ओढून घेऊ नयेत, आपल्या हद्दीत राहावं, हा त्यामागचा हेतू. भारतात ब्रिटिश राजवटीत हे प्राधिलेख कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन हायकोर्टांकडे होते, पण त्यांची पोच मुख्यतः त्या त्या शहराच्या हद्दीपुरती. १९४३ मध्ये परलाकिमिडीच्या जमीनदाराविरुद्ध खंडवाढीच्या वादात रयत लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे त्या काळच्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयापर्यंत गेली. तो वाद प्रतिषेधाच्याच जोडीच्या, खालचा झालेला आदेश रद्द करणाऱ्या प्राकर्षण नावाच्या प्राधिलेखाचा होता. तेव्हा मद्रास शहराबाहेरच्या त्या महसुली वादात हायकोर्टाला हा अधिकार वापरता येत नाही, असं उत्तर रयतेला मिळालं. म्हणजे तुमच्या आजोबांच्या काळात मुफसलातल्या, म्हणजे त्या मोठ्या शहरांबाहेरच्या शेतकऱ्याला मामलेदाराविरुद्ध हे दार जवळपास बंदच होतं. २६ जानेवारी १९५० ला संविधानाने ते राज्याच्या कानाकोपऱ्यातल्या माणसाला उघडून दिलं. म्हणूनच मला वाटतं, ते जपून वापरावं.

आता तुमच्या पत्रातल्या एका गृहीताकडे येते. ‘आमची बाजू खरी आहे, तरी तहसीलदार आमच्याविरुद्ध निकाल देणार, म्हणून हायकोर्टाने त्यांना थांबवावं’, असा तुमच्या म्हणण्याचा रोख आहे. पण प्रतिषेधाचा संबंध निकाल बरोबर येणार की चूक, याच्याशी नाही. निकाल देण्याचा अधिकार त्या माणसाला आहे की नाही, एवढ्याच प्रश्नाशी आहे. गोविंद मेनन यांच्या १९६७ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही रेघ स्पष्ट आखली. अधिकारच नसेल, मिळालेल्या अधिकाराची हद्द ओलांडली जात असेल किंवा नैसर्गिक न्यायाची तत्त्वं पायदळी तुडवली जात असतील, तर प्रतिषेध. कामकाजाच्या पद्धतीतली चूक किंवा गुणदोषांवर होऊ घातलेला चुकीचा निकाल दुरुस्त करायला प्रतिषेध नाही. २००३ मध्ये तिरुमला तिरुपती देवस्थानच्या प्रकरणात तर न्यायालयाने बजावलं की हा आदेश अगदी विरळा प्रसंगीच काढावा. ज्याला चुकण्याचाही अधिकार कायद्याने दिलेला आहे, त्याची चूक अपिलात किंवा पुनरीक्षणात, म्हणजे वरिष्ठांनी आदेश फेरतपासून, सुधारायची असते.

तेव्हा तुमच्या बाबतीत खरा प्रश्न असा: तुमच्या तहसीलदारांना या दाव्यात अधिकार आहे का?

मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चा. त्याच्या कलम ५ खाली तहसीलदार हे मामलेदाराचं न्यायालय म्हणून बसतात. शेताकडे जाणारा वहिवाटीचा रस्ता कुणी बेकायदेशीरपणे अडवला तर तो अडथळा दूर करण्याचा आणि पुन्हा अडवू नये असा मनाई हुकूम देण्याचा अधिकार त्यांना आहे. म्हणजे विषय त्यांच्याच अखत्यारीतला. पण त्याच कलमाच्या पोटकलम ३ मध्ये कडक अट आहे: दाव्याला कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा आला नाही तर तो दाखल करूनच घ्यायचा नाही. तुमच्या भाच्याने नेमकं हेच हेरलं असणार. काका स्वतः लिहितात की वाट २०२२ पासून बंद आहे, मग मुदत केव्हाच संपली, मग अधिकारच उरत नाही. कागदावर हा मुद्दा देखणा आहे.

पण तुम्हीच पत्रात पुढे लिहिलंय की यंदा तारेचं कुंपण घातलं आणि महिन्याभरात दावा आला. काकांचे वकील काय म्हणतील याचा विचार करा. ते म्हणतील, चरामुळे गाडी बंद झाली होती, पण माणूस, बैल, डोक्यावरचा भारा चर ओलांडून जात होता. कुंपणाने तेही बंद झालं. म्हणून खरं कारण यंदाचं. किंवा म्हणतील, अडवणूक रोजची चालू आहे, कारणही रोजचं आहे. हे म्हणणं टिकेल की नाही, मला सांगता येणार नाही. पण ते ठरवायला चर किती खोल होता, २०२२ नंतर तिथून कुणी जात होतं का, कुंपण कुठून कुठपर्यंत आहे, हे सगळं पुराव्याने बघावं लागेल. साक्षी घ्याव्या लागतील, जागा बघावी लागेल. रिट याचिकेत हायकोर्ट सहसा हे करत नाही, तिथे प्रतिज्ञापत्रांवर काम चालतं. ज्या मुद्द्याचा निर्णय वस्तुस्थितीवर अवलंबून आहे, तो हायकोर्ट ‘आधी खाली ठरवून या’ म्हणून परत पाठवतं. काकांच्या अर्जात फक्त २०२२ चीच तारीख असती आणि कुंपणाचा उल्लेखच नसता, तर मी कदाचित वेगळं लिहिलं असतं. म्हणून पहिली गोष्ट: त्यांच्या अर्जाची नक्कल काढा आणि ‘दाव्यास कारण अमुक रोजी घडले’ असं जिथे लिहिलंय तो परिच्छेद स्वतः वाचा. भाच्याच्या तोंडून नको, भावाच्या तोंडून नको. या कायद्याखालच्या दाव्यात ती तारीख लिहावीच लागते.

तीच नक्कल हातात असताना आणखी एक गोष्ट बघा, जी बहुतेक लोक बघत नाहीत. मागणी काय आहे? पूर्वीपासून असलेला, अडवलेला रस्ता खुला करून द्या, की शेतात जायला रस्ता नाही, म्हणून नवीन द्या? या दोन मागण्यांचे कायदे वेगळे आहेत. बांधावरून नव्याने वाट मागायची तर ती महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ खाली. तिथे तहसीलदार गरज बघतात, दुसरा पर्याय आहे का ते बघतात आणि वाट द्यायची ती गटांच्या हद्दीवरून देतात. त्या निर्णयाविरुद्ध एक वर्षाच्या आत दिवाणी दावाही लावता येतो. कलम ५ मध्ये मात्र रस्ता आधी अस्तित्वात असला पाहिजे आणि तो अडवला गेलेला असला पाहिजे. प्रत्यक्षात अर्जावर एका कलमाचं नाव आणि आत दुसऱ्याच कलमाची मागणी, असं सर्रास होतं. कधी नोटिशीत कलमच नसतं. तसं काही दिसलं तर ‘हे प्रकरण कोणत्या कलमाखाली चालवत आहात ते स्पष्ट करावं’ असा लेखी अर्ज लगेच द्या. कलम ५ च्या नावाखाली मुळात नसलेला रस्ता नव्याने काढून दिला जात असेल, तर तो हद्द ओलांडल्याचा खराखुरा मुद्दा आहे, मुदतीच्या मुद्द्यापेक्षाही भक्कम. २०२५ च्या मे महिन्यात महसूल विभागाने शेतरस्ते ३ ते ४ मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ सदरात घ्यावी, असं धोरण काढलं. तेव्हापासून रस्त्यांची प्रकरणं लवकर निकाली काढण्याकडे कल आहे. तहसीलदारांचं ते ऐकीव वाक्य यातूनही आलं असेल. धोरण चांगलंच आहे, शेतात ट्रॅक्टर गेला पाहिजे. पण धोरणाने कायद्याची कलमं बदलत नाहीत, आणि तुमची हरकत त्या कलमांवर उभी राहिली पाहिजे.

भावाच्या म्हणण्याबद्दल मला जरा कळकळीने लिहायचंय, कारण अशा सल्ल्याने माणसं हातातली केस घालवून बसतात. ‘हजर झालो तर अधिकार मान्य केला’ ही समजूत चुकीची आहे. न्यायालयाला कायद्याने अधिकार नसेल तर पक्षकारांच्या संमतीने तो येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने किरण सिंग यांच्या प्रकरणात १९५४ मध्येच सांगितलंय. तुम्ही हजर राहून, ‘अधिकाराबद्दलची हरकत कायम ठेवून’ असं लिहून जबाब दिलात तर तुमचं काही जात नाही. गैरहजर राहिलात तर मात्र एकतर्फी आदेश होईल, काकांचा एकही साक्षीदार उलटतपासला जाणार नाही, आणि पुढे कुठेही गेलात तरी पहिला प्रश्न येईल की ही हरकत तुम्ही खाली घेतली होती का? हायकोर्टाचा हा अधिकार विवेकाधीन आहे. नोटीस मिळूनही घरी बसलेल्या माणसासाठी तो सहज वापरला जात नाही.

पंचनाम्याची तक्रार मला तुमच्या पत्रातली सगळ्यात रास्त तक्रार वाटली. स्थळपाहणीची आगाऊ नोटीस दोन्ही बाजूंना मिळायला हवी. पण तिचा उपायही आधी तिथेच आहे. अर्ज द्या की पंचनामा आमच्या गैरहजेरीत, पूर्वसूचना न देता झाला, तो विचारात घेऊ नये, दोन्ही बाजूंना नोटीस देऊन नव्याने पाहणी व्हावी, शक्यतो तहसीलदारांनी स्वतः करावी. बऱ्याचदा ही मागणी मान्य होते. नामंजूर झाली तर तो नकारच पुढे तुमचा पुरावा ठरतो. तोंडी मागितलेल्या गोष्टीचा मात्र काही माग राहत नाही. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या.

‘रस्ता द्यावाच लागेल’ हे वाक्य कोण, कुणाला, कधी म्हणालं, हे तुम्हाला सांगता येत नाही. ऐकीव वाक्यावर पक्षपाताचा आरोप केला तर तो सिद्ध होत नाही, आणि ज्यांच्यापुढे उद्या बाजू मांडायची त्यांच्याशी संबंध मात्र बिघडतात. तुमच्याकडे ठोस काही असेल, म्हणजे नातं, लेखी शेरा, ज्याने ऐकलं त्याचं प्रतिज्ञापत्र, तर प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्याकडे वर्ग करावं अशी लेखी मागणी वरिष्ठांकडे करता येईल. नसेल तर हा मुद्दा सोडून द्या.

दिवाणी दावा चालू आहे म्हणून तहसीलदारांचे हात आपोआप बांधले जात नाहीत, हेही सांगायला हवं. दिवाणी न्यायालयाने काकांविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम दिलाय का? दिला असेल तर त्याची प्रमाणित प्रत आजच तहसीलदारांपुढे ठेवा, चित्र पुष्कळ बदलेल. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, त्यामुळे तो मिळालेला नसावा असं धरते. मग तिकडे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर लवकर सुनावणी मागणं, हे हायकोर्टात जाण्यापेक्षा जवळचं आणि कमी खर्चाचं आहे. मामलेदार न्यायालयाचा आदेश दिवाणी न्यायालय वेगळं ठरवेपर्यंतच टिकतो, हे खुद्द १९०६ च्या कायद्यातच लिहिलेलं आहे. म्हणजे अंतिम हक्काचा निवाडा तहसीलदार करणारच नाहीत. तुमची लढाई जिथे खरी ठरायची आहे, ते न्यायालय तुम्ही आधीच गाठलेलं आहे.

समजा, तहसीलदारांनी सगळं ऐकून तुमच्याविरुद्ध आदेश दिला. या कायद्यात अपील नाही, पण कलम २३ खाली पुनरीक्षण आहे. कलम जिल्हाधिकाऱ्यांचं नाव घेतं, प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा प्रांताधिकाऱ्यांपुढे चालतं. आदेश झाल्या झाल्या प्रमाणित प्रत मागा आणि पुनरीक्षणासोबतच स्थगितीचा अर्ज द्या. रस्ता खुला करायला यंत्रणा आली की मग धावाधाव करून उपयोग नसतो. तिथेही न्याय मिळाला नाही तर हायकोर्ट आहेच, आणि तेव्हा तुमच्या हातात जबाब, हरकती, नाकारलेले अर्ज, साक्षी असं सगळं असेल. आदेश होण्याआधी प्रतिषेध आणि आदेश झाल्यावर तो रद्द करणारं प्राकर्षण, ही जोडी १९५४ मध्ये हरी विष्णू कामत यांच्या निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उलगडून सांगितली. तेव्हा आज हायकोर्टात गेला नाहीत म्हणून दार कायमचं बंद झालं, अशी भीती बाळगू नका.

मग सुनावणी चालू असतानाच हायकोर्टात जाणं केव्हा योग्य? समजा, मुदतीची हरकत तुम्ही लेखी घेतली, काकांनी साक्षीत कबूल केलं की २०२२ पासून तिथून चिटपाखरूही गेलं नाही आणि कुंपण वाटेवर नाहीच, तरीही तहसीलदार म्हणाले की मुदतीचं मी बघणार नाही. किंवा दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम समोर असताना त्याच्या उलट आदेश द्यायची तयारी चालली. किंवा तुम्हाला बाजू मांडायची संधीच दिली जात नाही. अशा वेळी थांबू नये. तुमचे वकील तेव्हा बहुधा कलम २२७ खाली याचिका करतील. त्या कलमाने राज्यातल्या न्यायालयांवर आणि न्यायाधिकरणांवर देखरेखीचा अधिकार हायकोर्टाला आहे. राधेश्याम विरुद्ध छबीनाथ या २०१५ च्या निकालानंतर दिवाणी न्यायालयांच्या न्यायिक आदेशांना कलम २२६ खाली रिटने आव्हान देता येत नाही, २२७ नेच जावं लागतं. भाच्याला हा निकाल आवर्जून वाचायला सांगा, कारण ‘रिट आणू’ म्हणण्याची सवय त्याआधीच्या काळातली आहे.

सातारा जिल्ह्याच्या वाचकांना एक दिलासा असा की यासाठी आता मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याकडे आहेत. पण अंतर कमी झालं म्हणून वकिलाची फी, कागदपत्रांचे संच, तारखा आणि वाट बघणं कमी होत नाही. आणि एक गैरसमज खूप खोलवर आहे: याचिका दाखल केली म्हणजे खालची सुनावणी थांबली, असं होत नाही. हायकोर्ट अंतरिम स्थगितीचा आदेश काढेपर्यंत तहसीलदार तारीख चालवू शकतात, निकालही देऊ शकतात. काकांनी कॅव्हेट, म्हणजे ‘आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका’ असा आगाऊ अर्ज, टाकून ठेवलं असेल तर त्यांना ऐकल्याशिवाय तो अंतरिम आदेश मिळणंही कठीण.

इतर वाचकांसाठी एवढंच सांगते की काही प्रकरणांत थेट हायकोर्ट गाठणं शहाणपणाचं असतं. कलकत्ता डिस्काउंट कंपनीच्या १९६० च्या निकालात, जुन्या वर्षांची करआकारणी पुन्हा उघडण्यासाठी कायद्याने घातलेल्या अटी पूर्ण झालेल्या नसतील तर नागरिकाला आधी सगळी प्रक्रिया भोगायला लावू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. मुंबईच्या ट्रेडमार्क रजिस्ट्रारने काढलेल्या नोटिशीवरून व्हर्लपूल कंपनीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, त्याचा निकाल १९९८ मध्ये लागला. दुसरा उपाय उपलब्ध असला तरी रिट चालते असे प्रसंग त्या निकालाने नमूद केले: मूलभूत हक्काचा भंग, नैसर्गिक न्यायाचा भंग, मुळातच अधिकाराबाहेरची कारवाई, आणि कायद्याच्याच वैधतेला आव्हान. कारणे दाखवा नोटीस आली, एवढ्यावर मात्र हायकोर्ट सहसा हात घालत नाही. २००६ च्या कुनिसेट्टी सत्यनारायण निकालात तेच म्हटलंय. आणि खासगी कंपनीच्या अंतर्गत चौकशीसारख्या गोष्टी मुळात न्यायालय किंवा न्यायाधिकरणच नाहीत, तिथे हा मार्ग शोधण्यात वेळ घालवू नका.

आता तुमच्या आईंबद्दल. त्यांचं ते एक वाक्य मी कायद्याच्या अंगानेही वाचलं. वडील कुणाची वाट अडवत नव्हते, म्हणजे काकांची गाडी त्यांच्या परवानगीने जात होती की काका तो आपला हक्क समजून जात होते? १८८२ च्या ईझमेंट कायद्यात, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरच्या वहिवाटीच्या हक्कांच्या कायद्यात, हक्काने, उघडपणे, विनाखंड २० वर्षं वापरलेल्या वाटेला संरक्षण मिळतं. शेजारधर्म म्हणून दिलेल्या परवानगीला तसं मिळत नाही. दिवाणी दाव्यात याच मुद्द्यावर दोन्हीकडून साक्षी होतील, आणि त्या काळाची हकीकत तुमच्या घरात सगळ्यात जास्त आईंना माहीत आहे. त्या काय सांगतील हे न्यायालयात पहिल्यांदा ऐकण्याची वेळ येऊ देऊ नका. आजच त्यांच्याशी बसून बोला, आणि त्यांनी तुमच्या सोयीचं बोलावं असा आग्रह धरू नका.

आणि एक साधी चौकशी करा. वडील गेल्यावर वारसनोंद होऊन सातबाऱ्यावर आईंचं नाव लागलंय का? लागलं असेल तर काकांनी त्यांना तहसीलदारांकडच्या दाव्यात पक्षकार केलंय का, त्यांना नोटीस मिळाली का? सहखातेदाराला न ऐकता त्याच्या जमिनीबद्दल आदेश होऊ नये, ही हरकत तुमच्या बाकीच्या हरकतींपेक्षा सोपी आणि पटकन पटणारी आहे. शिवाय महिला म्हणून त्यांना उत्पन्नाची अट न लागता विधी सेवेकडून मोफत वकील मिळू शकतो. तालुका विधी सेवा समिती तुमच्या दिवाणी न्यायालयाच्या आवारातच असते.

त्याच समितीमार्फत हा वाद लोकअदालतीत नेता येतो, आणि माझ्या मते तुम्ही तो न्यावा. काकांना शेतात जायला दुसरी वाट आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते न लिहिणंच मला बोलकं वाटलं. नसेल, तर आज तुम्ही मुदतीच्या मुद्द्यावर जिंकलात तरी उद्या ते कलम १४३ खाली नवीन अर्ज देतील, आणि तिथे सहा महिन्यांची अट तुमच्या मदतीला येणार नाही. प्रतिषेधाचा आदेश मिळाला असता तरी त्याने एवढाच एक दावा थांबला असता. काकांचा ऊस फडातून बाहेर कसा निघायचा हा प्रश्न तसाच राहिला असता.

वाट तुमच्या रानाच्या मधून न जाता बांधालगत गेली तर किती जमीन जाईल ते भावाला टेपने मोजायला सांगा. मोजणीच्या खुणा जागेवर असतील तर अर्ध्या दिवसाचं काम आहे. दोघांनी आपापल्या बाजूने सारखी रुंदी सोडावी, चर बुजवण्याचा खर्च कुणाचा, पावसाळ्यात ट्रॅक्टर घालायचा की नाही, हे सगळं लिहून काढा. लोकअदालतीतल्या तडजोडीला हुकूमनाम्याचं बळ असतं, त्यावर अपील नसतं आणि दिवाणी दाव्याची कोर्ट फी परत मिळते. तीच तडजोड तहसीलदारांपुढे ठेवली की तिकडचा दावाही निकाली निघतो. भावाला हे पटायला वेळ लागेल. शेतीत रोज राबणारा तो आहे, चर त्याने खणलाय, आणि शहरातून आलेल्या मोठ्या भावाने परस्पर वाट देऊन टाकली असं त्याला वाटता कामा नये. म्हणून काकांशी पहिलं बोलणं त्यानेच करावं, तुम्ही सोबत असावं.

तोवर तारीख चुकवू नका. पुढच्या तारखेला वकिलांमार्फत जबाब दाखल करा. त्यात सर्वांत आधी मुदतीची हरकत, मग कलमाची, मग आईंना पक्षकार न केल्याची, मग पंचनाम्याची, आणि त्यानंतर वाटेबद्दलची तुमची खरी हकीकत येऊ द्या. या हरकतींवर आधी निर्णय द्यावा असा वेगळा, एक पानी अर्ज सोबत जोडा. कुंपणाची तारीख लपवू नका, ती जशी आहे तशी लिहा. वायर विकत घेतल्याची पावती काकांच्या वकिलांनी मागवली तर ती तुमच्याच विरुद्ध वाचली जाईल, त्यापेक्षा तुमच्या जबाबातच ती तारीख असलेली बरी.